परदेशी विद्यापीठात एक सत्र: एक्स्चेंजच्या तयारीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक्स्चेंजला जायचे म्हटले की आधी शहर ठरते, मग तिकीट, मग राहायची जागा. विषयांचा विचार शेवटी होतो, आणि वर्ष वाया जाते ते नेमके तिथे. म्हणून या पानावर क्रेडिटच्या, म्हणजे प्रत्येक विषयाला ठरवून दिलेल्या अभ्यासाच्या एककांच्या, प्रश्नांना सर्वांत जास्त जागा दिली आहे. वेगवेगळ्या देशांचे नियम उदाहरणादाखल घेतले आहेत. रकमा आणि मुदती बदलत राहतात, त्यामुळे अर्ज भरताना त्या विद्यापीठाच्या आणि वकिलातीच्या संकेतस्थळावर त्या पुन्हा पडताळून घ्या.

एक्स्चेंज आणि परदेशात स्वतःहून प्रवेश घेणे यात फरक काय?

एक्स्चेंज दोन विद्यापीठांमधल्या करारावर चालते. शिक्षणशुल्क तुम्ही आपल्याच विद्यापीठात भरता, तिकडचे माफ असते, आणि पदवीही आपल्याच विद्यापीठाची मिळते. बदल्यात तिकडचे विद्यार्थी इकडे येतात. येणारे आणि जाणारे यांची संख्या साधारण सारखी राखायची असल्यामुळे जागा मोजक्या असतात. एखाद्या करारात वर्षाला दोनच.

करार नसलेल्या विद्यापीठात स्वतः अर्ज करूनही एक सत्र शिकता येते. पण मग तिकडची फी तुम्हालाच भरावी लागते आणि परत आल्यावर क्रेडिट मान्य करून घेण्याची खटपटही तुमची तुम्हीच करायची.

युरोपातला इरास्मस कार्यक्रम १९८७ पासून चालू आहे. त्याखाली शिकायला जाणाऱ्याला २ ते १२ महिने राहता येते आणि तिकडे शिक्षणशुल्क द्यावे लागत नाही. आता या कार्यक्रमात युरोपाबाहेरच्या विद्यापीठांशीही करार होतात. तुमच्या विद्यापीठाचा तसा करार आहे का, हे आंतरराष्ट्रीय विभागात पहिल्याच भेटीत विचारा.

तयारी किती आधी सुरू करायची?

१२ ते १८ महिने आधी. हा काळ फार वाटतो, पण उलट मोजत गेले की पटते. व्हिसाला दोन-तीन महिने धरा. त्याआधी प्रवेशपत्र हातात हवे. त्यासाठी तिकडच्या विद्यापीठाकडे अर्ज जायला हवा, आणि अर्ज करता येतो तो आपल्या विद्यापीठाने नाव पाठवल्यावर. नाव पाठवण्याआधी आपल्याकडची अंतर्गत निवड होते, ती बहुधा वर्षातून एकदाच. ती तारीख चुकली तर पुढची संधी थेट पुढच्या वर्षी.

पासपोर्ट या सगळ्याच्या आधी तपासा. शेंगेन देशांसाठी (आपसांत सीमा-तपासणी नसलेले युरोपातले देश) तो तिथून परतण्याच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैध असावा लागतो आणि गेल्या १० वर्षांत काढलेला असावा लागतो. काही देश ६ महिने मागतात. मुदत काठावर असेल तर अर्जात जुना क्रमांक लिहिण्यापूर्वीच नवा पासपोर्ट काढा. नंतर क्रमांक बदलला की प्रवेशपत्र, विमा, व्हिसा सगळीकडे दुरुस्त्या करत बसावे लागते.

कोणत्या सत्रात जावे?

दोन्हीकडची शैक्षणिक वेळापत्रके शेजारी शेजारी ठेवा आणि फक्त सुरुवात नाही, परीक्षेचा शेवटचा दिवस पाहा. जर्मनीत हिवाळी सत्राचे वर्ग साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत चालतात आणि काही परीक्षा मार्चपर्यंत लांबतात. जपानमध्ये शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. ऑस्ट्रेलियात पहिले सत्र फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि दुसरे जुलैच्या अखेरीस उघडते. अमेरिकेतले फॉल सत्र मात्र ऑगस्टच्या शेवटी सुरू होऊन डिसेंबरमध्ये संपते. म्हणजे तुमचे पुढचे सत्र जानेवारीत सुरू होत असेल तर अमेरिकेतून वेळेत परतता येते; जर्मनीहून आलात तर पहिले दोन महिने बुडतात.

परीक्षा लवकर देता येईल का, हे काही प्राध्यापकांना विचारता येते, पण त्यावर विसंबून सत्र निवडू नका. अंतिम वर्षाचे शेवटचे सत्रही टाळलेले बरे. तिकडची गुणपत्रिका यायला दोन-तीन महिने लागले की पदवीच लांबणीवर पडते.

विद्यापीठ कसे निवडायचे?

विषयसूचीपासून सुरुवात करा. क्रमवारीत वर असलेल्या विद्यापीठात तुमच्या विषयाचे पदवी स्तरावरचे वर्ग स्थानिक भाषेतच असू शकतात आणि इंग्रजीतले सगळे वर्ग पदव्युत्तर स्तरावर. हे फार ठिकाणी आढळते. निवडीआधी चार गोष्टी तपासा: करार संपूर्ण विद्यापीठाशी आहे की एकाच विभागाशी, तुम्हाला हवे ते विषय एक्स्चेंजच्या विद्यार्थ्यांना खुले आहेत का, ते तुम्ही जाणार त्याच सत्रात शिकवले जातात का, आणि ते कोणत्या संकुलात भरतात. दोन संकुलांमध्ये तासाभराचे अंतर असले तर वेळापत्रक कोलमडते. वैद्यकशास्त्र आणि कायदा यांतले बरेच वर्ग एक्स्चेंजसाठी बंद असतात, ते वेगळे विचारावे लागते.

क्रेडिट कसे जुळवायचे?

सगळे गाडे इथे अडते, म्हणून जरा सविस्तर.

आधी एकके समजून घ्या. युरोपातल्या ईसीटीएस पद्धतीत पूर्ण वर्षाला ६० क्रेडिट, म्हणजे सत्राला ३०. एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचे काम धरलेले असते आणि त्यात वर्ग, स्वाध्याय, प्रकल्प आणि परीक्षेची तयारी हे सगळे आले. ब्रिटनमध्ये वर्षाला १२० क्रेडिट, म्हणजे तिथले २ बरोबर ईसीटीएसचे १. अमेरिकेत सत्राला साधारण १५, आणि तिथले १ हे बहुतेक ठिकाणी ईसीटीएसचे २ मानतात. नुसते वर्गाचे तास मोजून तुलना केली की हमखास घोळ होतो. आठवड्याला ४ तास, १५ आठवडे, म्हणजे वर्गातले ६० तास. पण विषय ६ ईसीटीएसचा असेल तर त्यामागे एकूण १५० ते १८० तासांचे काम धरलेले आहे.

आकडे जुळले तरी आशय जुळावा लागतो. एक नमुना पाहा. आपल्याकडे 'संगणक नेटवर्क' हा विषय ६ क्रेडिटचा आहे आणि त्यातले शेवटचे तीन आठवडे नेटवर्क सुरक्षेचे. तिकडे त्याच नावाचा विषय ५ क्रेडिटचा, पण सुरक्षा त्यात नाही. ती ३ क्रेडिटच्या वेगळ्या सेमिनारमध्ये शिकवतात. नुसता पहिला विषय पुढे केला तर विभाग नाकारणार. दोन्ही मिळून ८ क्रेडिट एका विषयासमोर मांडले, सोबत आठवड्यानुसार अभ्यासक्रम जोडला आणि तीन आठवड्यांचा भाग कुठे भरून निघतो हे अधोरेखित करून दिले, तर बहुतेक वेळा मान्यता मिळते. वरचे २ क्रेडिट फुकट जातात, ते आधीच गृहीत धरा.

अर्ज करताना प्रत्येक विषयासाठी हे कागद एकत्र ठेवा: विषयाचा संकेतांक, क्रेडिट, स्तर, आठवड्यानुसार अभ्यासक्रम, मूल्यमापनाची पद्धत, संदर्भपुस्तकांची यादी. संकेतस्थळावरचे पान पीडीएफ करून तारखेसह जपून ठेवा, कारण नवे सत्र उघडले की जुनी पाने निघून जातात.

वैकल्पिक विषय तिकडे आणि अनिवार्य विषय इकडे, असे ठेवता आले तर निम्मी डोकेदुखी कमी होते. दुसऱ्या वर्षी हाती वैकल्पिक विषय शिल्लक असतील तर ते एक्स्चेंजसाठी राखून ठेवा.

लर्निंग ॲग्रीमेंट म्हणजे काय? त्यावर सही झाली की काम झाले का?

तिकडे कोणते विषय घेणार आणि इकडे ते कशाच्या बदल्यात धरले जाणार, याचा हा लेखी करार. त्यावर तिघांच्या सह्या लागतात: तुमची, आपल्या विद्यापीठाची आणि यजमान विद्यापीठाची. तिन्ही सह्या निघण्यापूर्वी हव्यात. एखादे प्राध्यापक 'जा तुम्ही, आल्यावर बघू' म्हणाले तर नम्रपणे ईमेलवर लेखी मागा. वर्षभरात विभागप्रमुख बदलतात, अभ्यासमंडळ बदलते, आणि तोंडी आश्वासनाला साक्षीदार उरत नाही.

पाच विषय घ्यायचे असतील तर आठ ते दहा मंजूर करून घ्या. तिकडे पोहोचल्यावर एखादा विषय रद्द झालेला असतो, एखाद्याची जागा भरलेली असते, आणि दोन विषयांचे वर्ग एकाच वेळी आलेले असतात. वेळापत्रक बऱ्याच ठिकाणी सत्र सुरू व्हायच्या आठवडा-दोन आठवडे आधीच लागते, त्यामुळे हे घरबसल्या कळायला मार्ग नसतो.

तिकडे गेल्यावर विषय बदलावा लागला तर?

त्याच दिवशी आपल्या समन्वयकांना कळवा. इरास्मसच्या पद्धतीत असे बदल सत्र सुरू झाल्यापासून पाच आठवड्यांत मागायचे असतात. इतर करारांत मुदत याहून कमी असू शकते. 'सर, एक विषय मिळाला नाही, काय करू?' अशा ईमेलला उत्तर यायला आठवडा जातो, कारण समोरच्याला आधी माहिती गोळा करावी लागते. त्याऐवजी एकाच ईमेलमध्ये तुमचा विद्यार्थी क्रमांक, वगळलेल्या विषयाचा संकेतांक आणि क्रेडिट, त्याजागी घेतलेल्या विषयाचा संकेतांक आणि क्रेडिट, तो इकडे कशाच्या बदल्यात धरायचा, सोबत अभ्यासक्रमाची पीडीएफ, आणि नोंदणीची शेवटची तारीख द्या. समोरच्याने फक्त 'मंजूर' लिहिले की काम झाले, अशी ईमेल हवी.

गुणांचे रूपांतर कसे होते?

विद्यापीठागणिक वेगळे. जर्मनीत १.० सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे जेमतेम उत्तीर्ण. फ्रान्समध्ये २० पैकी १० ला उत्तीर्ण होता येते आणि १६ म्हणजे फार उत्तम. इटलीत ३० पैकी १८ ला उत्तीर्ण. ब्रिटनमध्ये ७० च्या पुढे प्रथम श्रेणी. नेदरलँड्समध्ये १० पैकी ९ किंवा १० क्वचितच देतात. हे आकडे सरळ टक्क्यांत बदलले तर फ्रान्सचे १४ म्हणजे ७० टक्के होतात, आणि चांगला विद्यार्थी कागदावर मधलाच दिसतो.

म्हणून निघण्याआधी दोन गोष्टी लेखी विचारा. आपल्या विद्यापीठाचा रूपांतराचा तक्ता कोणता? आणि तिकडचे गुण सरासरीत धरले जातात की फक्त 'उत्तीर्ण' अशी नोंद होते? दुसऱ्या पद्धतीत जरा अवघड विषय घ्यायला हरकत नाही. पहिल्या पद्धतीत विषय जपून निवडा, विशेषतः पुढे शिष्यवृत्ती किंवा संशोधनासाठी अर्ज करायचा असेल तर.

नॉमिनेशन झाले म्हणजे प्रवेश झाला का?

नाही. नॉमिनेशन म्हणजे आपल्या विद्यापीठाने तुमचे नाव कळवले, इतकेच. त्यानंतर यजमान विद्यापीठाकडून ईमेल येते आणि तुम्हाला स्वतंत्र अर्ज भरावा लागतो. ही ईमेल स्पॅममध्ये जाते आणि अर्जाची मुदत उलटून जाते, असे दर वर्षी कुणा ना कुणाचे होते. दोन आठवड्यांत काही आले नाही तर स्वतः चौकशी करा.

भाषेची परीक्षा लागतेच का?

बहुतेक ठिकाणी बी-२ पातळीचा पुरावा मागतात (युरोपीय मोजपट्टीत ए-१ म्हणजे अगदी प्राथमिक, सी-२ म्हणजे सर्वांत वरची). आयईएलटीएस आणि टोफेलचे गुण २ वर्षेच ग्राह्य धरतात. शिक्षण इंग्रजीतून झाले असेल तर काही विद्यापीठे तसे पत्र चालवून घेतात, त्यामुळे परीक्षेची फी भरण्याआधी विचारा. वर्ग इंग्रजीत असले तरी घरमालक, दवाखाना आणि सरकारी कचेरी यांचा कारभार स्थानिक भाषेत चालतो. जाण्यापूर्वी ए-१ इतकी तरी तयारी करा.

व्हिसासाठी काय लक्षात ठेवायचे?

पहिला प्रश्न कालावधीचा. शेंगेन क्षेत्रात कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंतच अल्पकालीन राहता येते. सत्र त्याहून मोठे असते, म्हणून त्या देशाचा दीर्घकालीन, म्हणजे डी प्रकारचा व्हिसा लागतो. कॅनडात ६ महिन्यांपर्यंतच्या अभ्यासक्रमाला स्टडी परमिट लागत नाही. ब्रिटनमध्ये ६ महिन्यांपर्यंत व्हिजिटर म्हणून शिकता येते, मात्र काम करता येत नाही. जपानसाठी आधी विद्यापीठामार्फत पात्रता प्रमाणपत्र काढावे लागते आणि त्यालाच कित्येक आठवडे जातात. अमेरिकेत एक्स्चेंजचे विद्यार्थी जे-१ व्हिसावर जातात. त्यासाठी यजमान विद्यापीठ डीएस-२०१९ हे कागदपत्र देते. ते आल्यावर सेव्हिसचे (परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणारी तिथली सरकारी यंत्रणा) शुल्क भरायचे आणि मग मुलाखतीची वेळ घ्यायची. डीएस-२०१९ वरच्या सुरुवातीच्या तारखेच्या ३० दिवसांहून आधी देशात शिरता येत नाही, तेव्हा तिकीट त्या हिशेबाने काढा. जे-१ वर जाणाऱ्यांपैकी काहींना, उदाहरणार्थ सरकारी निधीतून गेलेल्यांना, नंतर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट लागू होते. ती लागू आहे का, हे व्हिसावर आणि डीएस-२०१९ वर पाहून घ्या.

अर्ज फेटाळला जातो तो बहुधा पैशांच्या पुराव्यावरून. जर्मनीत बऱ्याच देशांच्या विद्यार्थ्यांना ब्लॉक्ड अकाउंट दाखवावे लागते, म्हणजे आधीच पैसे भरून ठेवलेले आणि दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येणारे खाते. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ झाली. एका सत्रासाठी जाणाऱ्याने महिन्यांच्या हिशेबाने किती ठेवायचे ते वकिलातीकडून लेखी घ्यावे. अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात मोठी रक्कम अचानक आली तर ती कुठून आली हे विचारतात. पालकांनी दिली असेल तर त्यांचे हमीपत्र आणि उत्पन्नाचे कागद जोडा.

आणखी एक जागा फसवी आहे: एकदाच प्रवेशाचा व्हिसा. सुट्टीत शेजारच्या देशात फिरायला गेलात आणि तो देश तुमचा व्हिसा चालतो त्या क्षेत्राबाहेर असला, तर परत येताना अडकाल. निवासपरवाना हातात येईपर्यंत सीमा ओलांडू नका. अमेरिकेतून बाहेर जाताना डीएस-२०१९ वर प्रवासासाठीची सही घेतलेली असावी.

फी माफ आहे, मग खर्च कशाचा?

माफ असते ते शिक्षणशुल्क. जर्मनीत सत्रशुल्क (विद्यार्थी सुविधांसाठी दर सत्राला द्यायची रक्कम) एक्स्चेंजच्या विद्यार्थ्यांनाही बहुतेक ठिकाणी भरावे लागते. इतर देशांत प्रयोगशाळा, विद्यार्थीसंघ किंवा आरोग्यसेवा यांचे शुल्क वेगळे असते. अंदाजपत्रक महिन्याच्या सरासरीवर बेतू नका. खरी तंगी पहिल्या सहा आठवड्यांत येते: अनामत, पहिले भाडे, विमा, प्रवासी पास, परवान्याचे शुल्क आणि अंथरूण-पांघरुणापासून भांड्यांपर्यंत सगळे एकदम. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता पोहोचल्याचा दाखला दिल्यावर येतो, आणि ब्लॉक्ड अकाउंटमधले पैसेही तिकडे खाते उघडल्यावरच सुटतात. दोन महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम लगेच काढता येईल अशी जवळ ठेवा, आणि दोन वेगळ्या बँकांची कार्डे.

नोकरीवर भिस्त ठेवू नका. जपानमध्ये परवानगी घेऊन आठवड्याला २८ तास काम करता येते, ऑस्ट्रेलियात वर्ग चालू असताना पंधरवड्याला ४८ तास. पण काम मिळेपर्यंत सत्र निम्मे होऊन जाते.

राहायची सोय कधी आणि कशी करायची?

वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाच्या अर्जाबरोबरच, आणि तो उघडतो त्याच दिवशी. खासगी जागा घेताना खोली न पाहता, किंवा विश्वासू माणसाने प्रत्यक्ष न पाहता, पैसे पाठवू नका. 'मी सध्या परदेशात आहे, अनामत भरा, किल्ली कुरिअरने पाठवतो' हा निरोप आला की तिथेच थांबा. जर्मनीत अनामत कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी घेता येते. तिथे राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्याला घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र लागते; ते देत नाही म्हणणाऱ्याची जागा कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. किल्ली घेताच भिंती, नळ, गादी यांचे तारखेसह फोटो काढून मालकाला ईमेल करा. अनामत परत मिळवताना तेच कामी येतात.

विमा आणि औषधे?

प्रवासविमा आणि विद्यार्थ्यांचा आरोग्यविमा एक नव्हे. अमेरिकेच्या जे-१ साठी प्रत्येक आजार किंवा अपघातामागे किमान १,००,००० डॉलरचे संरक्षण बंधनकारक आहे, आणि स्वतः भरायची रक्कम ५०० डॉलरपेक्षा जास्त नको. ऑस्ट्रेलियाच्या विद्यार्थी व्हिसाला ओएसएचसी हा ठरावीक विमा लागतो. आधीपासूनचे आजार, दात आणि मानसिक आरोग्य यांबद्दल पॉलिसीत काय लिहिले आहे ते वाचा.

रोजची औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि औषधाच्या रासायनिक नावासह न्या. एका देशातले साधे औषध दुसरीकडे बेकायदा असू शकते. जपानमध्ये १० टक्क्यांहून जास्त स्यूडोएफेड्रिन असलेली सर्दीची औषधे नेता येत नाहीत, आणि ॲम्फेटामिन असलेली एडीएचडीची (एकाग्रतेच्या विकाराची) औषधे चिठ्ठी असली तरी चालत नाहीत. डॉक्टरांशी किमान तीन महिने आधी बोलून पर्याय ठरवा. औषध एकाएकी बंद करणे हा पर्याय नव्हे.

पोहोचल्यावर आधी काय करायचे?

पत्त्याची नोंदणी, विद्यापीठातली नोंदणी, बँक खाते, आणि परवान्यासाठी भेटीची वेळ. ही वेळ काही शहरांत महिन्यांनंतरची मिळते, म्हणून ती पहिल्याच आठवड्यात मागा. जर्मनी-ऑस्ट्रियात वर्गाला नाव घातले म्हणजे परीक्षेला घातले असे नसते. परीक्षेची नोंदणी वेगळी करायची असते आणि मुदत चुकली तर सत्रभर हजर राहूनही परीक्षेला बसू देत नाहीत. ती तारीख पहिल्याच दिवशी कॅलेंडरमध्ये घाला.

एखाद्या विषयात नापास झालो तर?

पुनर्परीक्षा कधी आणि कुठे, हे आधी विचारा. ती बऱ्याचदा तुम्ही परतल्यावर येते; काही प्राध्यापक आपल्या विद्यापीठाच्या देखरेखीखाली ती दुरून देऊ देतात, पण तसे लेखी घ्यावे लागते. क्रेडिट ठरलेल्या किमान संख्येपेक्षा कमी पडले तर अनुदानाचा काही भाग परत मागितला जाऊ शकतो. विषय झेपत नाही असे दिसले की माघार घेण्याच्या मुदतीआधी दोन्हीकडच्या समन्वयकांशी बोला. आजारपण किंवा घरची अडचण असेल तर तेही त्याच वेळी सांगा, कागद नंतर देता येतात. मन लागत नसेल तरी लपवू नका. विद्यापीठांमध्ये समुपदेशक असतात आणि त्यांच्याशी झालेले बोलणे गोपनीय राहते.

परतताना कोणते कागद सोबत आणायचे?

राहिल्याच्या कालावधीचा सहीशिक्क्याचा दाखला निघण्याच्या आठवड्यातच घ्या. त्यावरची तारीख शेवटच्या परीक्षेच्या आधीची असली तर अनुदान तितके कापले जाते. गुणपत्रिका नंतर येते. इरास्मसमध्ये निकाल लागल्यापासून साधारण पाच आठवड्यांत ती पाठवायची असते. ती कुणाच्या नावे, कोणत्या ईमेलवर जाणार हे तिथल्या कचेरीत विचारून घ्या, आणि एक प्रत स्वतःलाही मागा. विद्यापीठाचे लॉगिन बंद होण्यापूर्वी प्रकल्प, उत्तरपत्रिका आणि अभ्यासक्रमाची पाने उतरवून घ्या. पुढे दुसऱ्या देशात कागद दाखवायचे असतील तर ॲपॉस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा अधिकृत शिक्का, लागते का ते पाहा. १९६१ च्या हेग करारातला हा शिक्का ज्या देशात कागद काढला तिथेच मिळतो. बँक खाते, पत्त्याची नोंदणी, विमा आणि फोनचा करार निघण्यापूर्वी लेखी बंद करा. बँक खाते मात्र अनामत जमा झाल्यावरच, आणि ती यायला उशीर होणार असेल तर दुसऱ्या खात्याचा तपशील घरमालकाला ईमेलने देऊन त्याची पोच घ्या.